भिंतीवाचून फारकत

सफरचंद हे मूळचे अमेरिकेचे फळ नव्हे. सतराव्या शतकात युरोपातून गेलेल्या वसाहतकऱ्यांनी ते अटलांटिकपार नेले आणि ईशान्य अमेरिकेत त्याच्या बागा उभ्या राहिल्या. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे तिथली एक देशी फळमाशी या बागांच्या बांधालगत राहत असूनही सफरचंदाच्या वाटेला गेली नाही. तिचा संसार हॉथॉर्न नावाच्या काटेरी रानझाडावर चाले. त्याच्या बोराएवढ्या लाल फळांत ती अंडी घाली आणि तिच्या अळ्या तो गर खाऊन वाढत. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीच्या खोऱ्यातून तक्रारी येऊ लागल्या, की वरून धडधाकट दिसणारे सफरचंद कापले तर आत तपकिरी बोगदे आणि पांढुरक्या अळ्या निघतात. हीच तक्रार न्यू इंग्लंडच्या बागांतूनही येऊ लागली. बागायतदारांच्या लेखी ही एक नवी कीड होती. इलिनॉय राज्यात राहणाऱ्या एका कीटकशास्त्रज्ञाला मात्र तिच्यात जीवसृष्टीतला एक मूलभूत प्रश्न दिसला. दोन गट एकाच रानात राहत असतील, एकमेकांत संकर होण्याला कुठलाही डोंगर किंवा समुद्र आडवा येत नसेल, तरी त्यांच्या दोन प्रजाती होऊ शकतात का?

बेंजामिन डॅन वॉल्श हा मूळचा इंग्रज, १८०८ सालचा जन्म. केंब्रिजला शिकत असताना तो चार्ल्स डार्विनच्या खोलीवर जाऊन त्याचा भुंग्यांचा संग्रह पाहून आला होता. पुढे त्याने ॲरिस्टोफेनिसच्या ग्रीक नाटकांचे भाषांतर केले, १८३८ साली अमेरिकेला जाऊन इलिनॉयच्या माळावर शेती केली, मग रॉक आयलंडला लाकडाचा धंदा केला आणि पन्नाशीच्या सुमारास सगळे सोडून किड्यांच्या अभ्यासाला वाहून घेतले. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ वाचून तो डार्विनच्या बाजूचा झाला आणि १८६४ साली जुन्या ओळखीचा हवाला देऊन त्याने डार्विनला पत्र लिहिले. त्याच वर्षी त्याने वनस्पतींवर जगणाऱ्या किड्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे, की एकाच किड्याचे काही वंशज नव्या झाडावर जगू लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जुगू लागले, तर आधी ते सवयीने वेगळे होतात, मग बांध्याने, आणि शेवटी पुरते परके होतात. तीन वर्षांनी सफरचंदातल्या माशीला शास्त्रीय नाव देताना त्याला आपल्या विचाराचा चालता-बोलता दाखला मिळाला. इलिनॉयमध्ये हॉथॉर्नही होता, सफरचंदही होते आणि ही माशीही होती. पण तिथे ती हॉथॉर्नवरच होती. पूर्वेकडे मात्र तिने सफरचंद धरले होते. म्हणजे सफरचंद खाण्याची सवय साऱ्या प्रजातीची नव्हती, तिच्यातल्या एका फांदीने ती नव्याने उचलली होती आणि ती फांदी पसरत होती. हे बीज रुजायला वॉल्शला वेळ मिळाला नाही. १८६९ साली रेल्वेच्या अपघातात तो गेला आणि दोन वर्षांनी शिकागोच्या मोठ्या आगीत त्याचा कीटकसंग्रह जळून खाक झाला.

वॉल्शचा विचार त्या काळच्या विज्ञानाला पेलणारा नव्हता, आणि याचे कारण केवळ जुनाट मते हे नव्हते. १८६७ साली, माशीला नाव मिळाले त्याच वर्षी, फ्लीमिंग जेंकिन या स्कॉटलंडच्या अभियंत्याने डार्विनवर एक बिनतोड वाटणारा आक्षेप घेतला. आईबापांचे गुण मुलांत मिसळत असतील, तर एखाद्या प्राण्यात उपजलेला चांगला गुण पिढीगणिक अर्धा-अर्धा होत विरून जाईल. नैसर्गिक निवडीला पकडायला काही उरणारच नाही. पाठोपाठ १८६८ साली मोरिट्झ वॅग्नर या जर्मन प्रवासी निसर्गअभ्यासकाने यावर तोडगा सुचवला. अल्जीरियात हिंडताना त्याने पाहिले होते, की न उडणाऱ्या भुंग्यांची एक प्रजाती नदीच्या या तीरावर असते आणि तिची जवळची बहीण पलीकडच्या तीरावर. त्यावरून त्याने नियमच मांडला: काही जीव मूळ कळपापासून तुटून दूर गेले, तरच नवी प्रजाती घडते. डार्विनने हे मानले नाही. अलग पडण्याचा फायदा त्याला मान्य होता, पण ते अटळ आहे हे मान्य नव्हते. सलग पसरलेल्या प्रदेशातही निरनिराळ्या धाटणीने जगणारे गट निवडीच्या जोरावर फाटत जातील, अशी त्याची धारणा होती. पण ती धारणाच होती. यंत्रणा त्याच्यापाशी नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी मेंडेलचे नियम पुन्हा सापडले आणि जेंकिनच्या आक्षेपातला अर्धा भाग निकाली निघाला. गुण विरघळत नाहीत. जनुके अखंड राहून पुढच्या पिढीत जातात. मात्र उरलेला अर्धा भाग तसाच राहिला आणि इथे अनेकांची गल्लत होते. जनुके विरघळत नसली तरी ती इकडून तिकडे जातात, आणि पुरेशी गेली तर दोन्हीकडचे प्रमाण सारखे होते. दर पिढीला दोन्ही बाजूंची सहा टक्के माणसे, झाडे किंवा माश्या अदलाबदल करत असतील आणि दुसरे काहीच घडत नसेल, तर दहा पिढ्यांत दोन गटांतला फरक सुमारे पाव हिश्शावर येतो. हे साधे गणित आहे. यात निवडीचा जोर धरला तर काय होते, ते १९३० साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी दाखवले. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. एखादे जनुक एका ठिकाणी फायद्याचे असेल आणि तो फायदा बाहेरून येणाऱ्या लोंढ्यापेक्षा जोरकस असेल, तर ते जनुक लोंढ्यातही टिकते. म्हणजे एखादा फरक टिकवायला भिंत लागत नाही, हे १९३० सालीच कागदावर सिद्ध झाले होते. पण एक फरक टिकणे वेगळे आणि प्रजाती फुटणे वेगळे. या दोहोंमधली दरी ओलांडता येईल का, हा खरा वादाचा मुद्दा होता, आणि ‘येणार नाही’ हे उत्तर ज्यांनी सर्वांत ताकदीने दिले ते अर्न्स्ट मायर.

मायर जर्मनीत १९०४ साली जन्मले आणि विशीतच न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांवर पक्षी गोळा करायला गेले. बेटागणिक पक्ष्याचे रूप थोडे थोडे पालटत जाते आणि दूरच्या बेटावर पोचेपर्यंत तो वेगळी प्रजाती म्हणावा इतका बदलतो, हे त्यांनी हजारो नमुन्यांत पाहिले. १९४२ सालच्या ग्रंथात त्यांनी दोन गोष्टी मांडल्या: आपसांत प्रजनन करणारा आणि इतरांशी न करणारा गट म्हणजे प्रजाती, आणि अशी फारकत भौगोलिक विभक्तीनंतरच होते. वॉल्शची माशी आणि तिच्यासारखे दाखले त्यांनी एकेक करून तपासले आणि बाद केले. तथाकथित गट म्हणजे कदाचित केवळ सवय असेल. ज्या फळात अळी वाढली त्याच फळाकडे माशी परतत असेल, जनुकांत काहीच नसेल. किंवा ते पूर्वी दूरच्या प्रदेशांत वेगळे होऊन मग पुन्हा एकत्र आले असतील. किंवा दोन प्रजाती आधीपासूनच असतील, कुणी नीट पाहिले नसेल. १९६३ सालच्या मोठ्या ग्रंथात, एकाच ठिकाणी प्रजाती फुटण्याच्या कल्पनेला त्यांनी एक मुंडके छाटले की दोन उगवणाऱ्या ग्रीक पुराणातल्या सर्पाची उपमा दिली. पुढच्या पिढीतल्या अनेकांना मायर यांचा हा कडकपणा खटकला आणि त्यांना वाटेतला अडसर म्हणायची पद्धत पडली. मला ते अन्यायाचे वाटते. त्यांनी उभे केलेले तिन्ही पर्याय रास्त होते आणि वॉल्शच्या पुराव्यातून त्यांतला एकही बाद होत नव्हता. आज या माशीविषयी जे ठामपणे सांगता येते, ते या तीन पर्यायांना एकेक करून उत्तर द्यावे लागले म्हणूनच.

ते उत्तर द्यायला सुरुवात करणारे गाय बुश हे मायर यांच्याच हार्वर्ड विद्यापीठात घडले. उत्तर अमेरिकेतल्या या माशीच्या गोतावळ्याची वर्गवारी त्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली आणि तीन वर्षांनी वॉल्शच्या बाजूने सरळ दावा मांडला. बुश यांच्या मांडणीचे मर्म माशीच्या जीवनक्रमात आहे. तिची वर्षाला एकच पिढी होते. प्रौढ माशी उन्हाळ्यात जमिनीतून निघते, फळांनी लगडलेले झाड शोधते, आणि नर-मादीची गाठ त्या फळावर किंवा त्याच्या आसपासच पडते. मादी फळाच्या सालीखाली अंडे घालते, अळी गर खाते, फळ गळून पडते, अळी मातीत शिरून कोश करते आणि हिवाळाभर तिथेच झोपते. यातली कळीची बाब अशी, की या माशीच्या जगात फळ निवडणे म्हणजेच जोडीदार निवडणे. सफरचंद आवडणारी माशी सफरचंदावरच जाते आणि तिथे तिला सफरचंद आवडणाराच नर भेटतो. दुसरी बाब वेळेची. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकते, आणि प्रौढ माशीचे आयुष्य जेमतेम महिनाभराचे. सफरचंदाची वेळ साधणारी माशी हॉथॉर्नच्या भर हंगामापर्यंत बहुधा जगतच नाही. अंतर नसले तरी पंचांग आडवे येते.

पण बुश यांच्यापाशीही अजून पुरावा जीवनक्रमाचा होता, जनुकांचा नव्हता. आणि टीकाकारांनी नेमके तिथेच बोट ठेवले. १९८० साली डग्लस फ्युटुइमा आणि ग्रेगरी मेयर यांनी प्राण्यांतल्या अशा सर्व दाखल्यांची झडती घेतली आणि या माशीलाही सोडले नाही. पुढच्याच वर्षी जोसेफ फेल्सनस्टाइन यांनी मांडलेली अडचण आणखी खोल होती आणि मला ती या साऱ्या वादातली सर्वांत कसदार शंका वाटते. नव्या ठिकाणी तगण्याचे जनुक एक आणि आपल्यासारखाच जोडीदार पसंत करण्याचे जनुक दुसरे असेल, तर दोन्ही एकत्र राहायला हवीत. तरच फारकत होईल. पण लैंगिक प्रजननात दर पिढीला जनुकांची फेरजुळणी होते आणि जमलेली जोडी फुटते. निवड जितके जमवते तितके संकर विस्कटतो. म्हणजे भिंतीशिवायची फारकत अशक्य नसली तरी ती दुर्मीळच असणार.

१९८८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात या माशीवर संशोधनाचे निबंध एकत्र आले. मिशिगनमध्ये बुश यांचे विद्यार्थी जेफ्री फेडर आणि इलिनॉय विद्यापीठात स्ट्युअर्ट बर्लोशर यांचा गट, दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे माशीची प्रथिने तपासली होती. काही विकरांच्या जनुकांची रूपे सफरचंदाच्या माशीत आणि हॉथॉर्नच्या माशीत निरनिराळ्या प्रमाणात होती, आणि हा फरक एका बागेपुरता नव्हता. जागोजागी तोच दिसत होता. इथे मायर यांचा पहिला पर्याय पडला. केवळ सवयीने जनुकांचे प्रमाण बदलत नाही. ‘दोन जुन्या प्रजाती’ हाही पर्याय पडला, कारण दोन्हीकडे रूपे तीच होती, फक्त कमी-जास्त. त्यानंतर फेडर आणि सहकाऱ्यांनी मिशिगनमधल्या ग्रांट इथल्या माळावर चिन्हे लावलेल्या माश्या सोडून त्या पुन्हा कुठे सापडतात हे मोजले आणि १९९४ साली आकडा दिला: दर पिढीला सुमारे सहा टक्के जनुके या गटातून त्या गटात जातात. वर मांडलेले सहा टक्क्यांचे गणित इथे आठवावे. दुसरे काहीच घडत नसते, तर सव्वाशेहून अधिक पिढ्यांत हे दोन गट एकजीव झाले असते. ते झाले नाहीत, म्हणून काहीतरी जोर त्यांना सतत दूर ढकलत असलाच पाहिजे.

तो जोर कोणता, हे शोधून काढणारा प्रयोग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतो. सफरचंद लवकर पिकते, म्हणून त्यातली अळी लवकर मातीत जाते आणि थंडी पडण्याआधी तिला उष्ण दिवस जास्त सोसावे लागतात. झोप गाढ नसेल तर कोश अवेळी जागा होतो किंवा साठवलेली चरबी संपवून बसतो, आणि दोन्हीचा शेवट मरणात. उलट हॉथॉर्नच्या अळीला गाढ झोपेचा उपयोग नाही. फेडर यांच्या गटाने हॉथॉर्नचे कोश घेतले, त्यांना सफरचंदाच्या वाट्याला येतो तसा लांब उन्हाळा दिला, मग हिवाळा दिला आणि जगलेल्या माश्यांची जनुके तपासली. एकाच पिढीत त्यांचे प्रमाण सफरचंदाच्या माशीकडे झुकले होते. जी जनुके निसर्गात दोन गटांत वेगळी होती, तीच या चाळणीत वेगळी झाली. २०१५ साली हाच प्रयोग संपूर्ण जनुकसंचाची तपासणी करून पुन्हा केला गेला. तेव्हा फरक दोन-चार जागांपुरता नव्हता, जनुकसंचभर पसरलेला होता, आणि प्रयोगातल्या बदलाची दिशा निसर्गातल्या फरकाशी जुळत होती. वासाची गोष्टही दरम्यान उलगडली होती. चार्ल्स लिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की प्रत्येक गटाची माशी आपापल्या फळाच्या वासाकडे जाते आणि दुसऱ्याचा वास टाळते. आणि त्यांचा संकर? त्याला दोन्ही वासांचे फारसे आकर्षण उरत नाही. अशा संकराचे शरीर निरोगी असते, पण ज्या जगात फळ सापडले तरच जोडीदार सापडतो, तिथे हा उणेपणा वांझपणाच्या जवळ जातो.

मायर यांचा एक पर्याय मात्र अजून शिल्लक होता: जुनी भौगोलिक विभक्ती. आणि २००३ साली तोच अर्धामुर्धा खरा ठरला, तोही फेडर यांच्याच हातून. झोपेची वेळ ठरवणारी जनुके गुणसूत्रांच्या उलट्या फिरलेल्या तुकड्यांवर होती आणि या तुकड्यांचे वय सफरचंदाच्या बागांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. त्यांचा उगम मेक्सिकोच्या पठारावरच्या माश्यांत होता. त्या सुमारे दीड दशलक्ष वर्षांपूर्वी उत्तरेच्या माश्यांपासून दुरावल्या, तिथल्या निराळ्या हवामानात झोपेचे निराळे वेळापत्रक त्यांनी घडवले, आणि पुढे अधूनमधून संपर्क आला तेव्हा ते तुकडे संकरातून उत्तरेत शिरले. सफरचंद आले तेव्हा हॉथॉर्नच्या माशीत लवकरचे आणि उशिराचे, दोन्ही वेळापत्रकांचा साठा तयार होता.

मग मायरच बरोबर होते असे म्हणायचे का? काहींनी तसे म्हटलेही. मला हे पटत नाही. मेक्सिकोतल्या विभक्तीने सफरचंदाची माशी निर्माण केली नाही. तिने कच्चा माल दिला. फूट पडली ती मेक्सिकोची माशी आणि अमेरिकेची माशी यांच्यात नव्हे, तर अमेरिकेतल्याच एका गटात, शेजारशेजारच्या झाडांवर, नोंदींच्या काळात. शिवाय तो कच्चा माल पोचला कसा? जनुकांच्या देवाणघेवाणीतून. जेंकिनपासून मायरपर्यंत सर्वांनी जिला प्रजातीचा घात करणारी म्हटले, त्याच देवाणघेवाणीने नव्या गटाला त्याची मुख्य हत्यारे पुरवली. आणि फेल्सनस्टाइन यांच्या शंकेचे उत्तरही याच शोधात आहे. गुणसूत्राचा तुकडा उलटा फिरला की सरळ तुकड्याशी त्याची फेरजुळणी जवळजवळ होत नाही, म्हणून त्यावरची जनुके एकगठ्ठा पुढे जातात. त्यात फळाची आवड हीच जोडीदाराची निवड, म्हणून फुटण्याजोगी जोडी मुळात कमीच. शंका चूक नव्हती. ती सर्वसाधारण नियम सांगत होती, आणि या माशीच्या शरीरात त्या नियमाला वळसा घालणाऱ्या दोन वाटा होत्या. अशा वाटा किती जीवांत असतील, हे फेल्सनस्टाइन यांच्या गणितातून नव्हे तर जीवांकडे पाहूनच कळणार होते.

हे पाहणे गेल्या पंधरा-वीस वर्षांत जोरात सुरू झाले आणि चित्र सगळीकडे काहीसे असेच, गुंतागुंतीचे दिसते आहे. कॅमेरूनमधल्या बारोम्बी म्बो या ज्वालामुखीय तळ्यातल्या माशांच्या अकरा प्रजाती तळ्यातच एका पूर्वजापासून फुटल्या, असा १९९४ सालचा निष्कर्ष एकाच ठिकाणी प्रजाती घडण्याचा आदर्श दाखला मानला जाई. २०१५ साली जनुकसंच वाचले तेव्हा दिसले, की बाहेरून नद्यांतले मासे मधूनमधून येऊन मिसळत होते. भिंत असलेल्या गोष्टींत भोके सापडली तशी भिंत नसलेल्या गोष्टींत जुन्या भिंतींचे अवशेषही सापडले. युरोपात काळा कावळा आणि राखी अंगाचा कावळा जिथे शेजारी राहतात तिथे सर्रास संकर करतात. २०१४ साली आढळले की त्यांच्यातले ठळक फरक जनुकसंचाच्या अगदी थोड्या जागांत एकवटले आहेत, आणि त्यांत पिसांचा रंग ठरवणारी जनुके आहेत. बाकीचा जनुकसंच जवळजवळ सामाईक, तरी दोन कावळे दोन रूपांनी टिकून आहेत. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या जनुकसंचात निअँडरथलांचा अंश आहे, हे २०१० साली कळल्यावर तर हा प्रश्न माणसाच्या घरात आला. म्हणून ‘भिंत होती की नव्हती’ असा सरळ दोन टोकांचा प्रश्न विचारणे मला आता निरुपयोगी वाटते. विचारायचे ते असे: देवाणघेवाण किती, कोणत्या जनुकांची, कोणत्या काळात, आणि तिच्याविरुद्ध निवडीचा जोर किती? मायर यांनीही आयुष्याच्या अखेरीस, झाडांवर जगणाऱ्या किड्यांत आणि तळ्यातल्या माशांत एकाच ठिकाणी प्रजाती फुटू शकतात हे मान्य केले. २००५ साली ते शंभर वर्षांचे होऊन वारले.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो टाळता येण्याजोगा नाही. दीडशे वर्षे झाली, तरी सफरचंदाची माशी आणि हॉथॉर्नची माशी संकर करतातच ना? मग प्रजाती कुठे झाल्या? हे खरे आहे. त्यांना दोन प्रजाती कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. त्या उद्या पुन्हा एकजीव होऊ शकतात. सफरचंदाच्या बागा उठल्या, तर त्यांच्यातला एक गट नाहीसाही होईल. पण आपण एका माशीवर न थांबता तिच्या गोतावळ्याकडे पाहिले तर हाच मार्ग पुढे गेलेला दिसतो. डॉगवुड नावाच्या झाडावर एक जवळची माशी आहे, तिची फारकत सफरचंदाच्या माशीपेक्षा बरीच पुढची आहे. ब्लूबेरीवरची माशी तर दिसायला इतकी सारखी, की दीर्घकाळ ती तीच माशी समजली जाई. प्रयोगशाळेत दोघींचा संकर होतो, पण निसर्गात एकाच भागात राहूनही त्यांची काही जनुके पूर्णपणे वेगळी आहेत, म्हणजे तिथे देवाणघेवाण जवळजवळ थांबली आहे. ती थांबवणारी मुख्य गोष्ट पुन्हा फळाची निवड आणि हंगाम हीच. एकाच जातकुळीत कुणी वाटेच्या आरंभी, कुणी मध्यावर, कुणी पोचलेली, असे टप्पे समोर असताना वाट नाहीच असे म्हणणे हट्टाचे होईल. सफरचंदाची माशी शेवटच्या टप्प्यापर्यंत जाईल याची हमी त्यातून मिळत नाही. ती वाट सुरू कशी होते, एवढे मात्र तिने दाखवले.

ही घडण नव्याने होत असतानाही पाहता येते. १९७९ साली ही माशी पश्चिम किनाऱ्यावर ओरेगनमधल्या पोर्टलंडला सापडली, आणि तिथून वॉशिंग्टन राज्याच्या सफरचंदांसाठी, आपल्याकडच्या बाजारातही जी चिकटपट्टी लावून येतात त्या सफरचंदांसाठी, तिच्याविरुद्धचा बंदोबस्त ही मोठी सरकारी कामगिरी होऊन बसली. पश्चिमेत तिला निराळ्या वेळी पिकणारे निराळे हॉथॉर्न मिळाले आणि संशोधक तिथे वेळापत्रकांची तीच फाटाफूट पुन्हा मोजत आहेत. ईशान्येत आशियातून आणलेल्या हनीसकलच्या झुडपावर एक माशी आढळली. २००५ साली तिची जनुके तपासली तेव्हा ती ब्लूबेरीची माशी आणि स्नोबेरीची माशी यांच्या संकरातून आलेली निघाली. इथे तर संकराने दोन गट एक केले नाहीत, तिसरा उभा केला.

आणि फूट माशीपाशी थांबत नाही. या अळ्यांच्या अंगात अंडी घालणारी एक परजीवी गांधीलमाशी आहे. सफरचंद हॉथॉर्नपेक्षा मोठे असल्याने आतल्या अळीपर्यंत तिची नळी पोचणे कठीण जाते, आणि सफरचंदात अळीला पोषण कमी मिळत असूनही माशीने ते फळ का धरले याचे एक कारण हे असावे. तरीही काही गांधीलमाश्या सफरचंदापर्यंत आल्याच. २००९ साली ॲंड्र्यू फोर्ब्स, फेडर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की त्यांचेही गट पडले आहेत: त्या आपापल्या यजमानाच्या वेळेला जमिनीतून निघतात, आपापल्या फळाच्या वासाकडे ओढल्या जातात आणि त्यांची जनुके वेगळी होऊ लागली आहेत. २०१५ सालच्या अभ्यासात अशाच आणखी प्रजातींच्या गांधीलमाश्यांची भर पडली, आणि त्या सर्वांत फारकतीची कारणे तीच निघाली, हंगाम आणि वास.